तुम्ही विचारलंत म्हणून: पक्षी दिसले नाहीत तरी काय कळतं?

"दुर्बीण न घेता नुसता कान देऊन बसता, त्यातून कळतं तरी काय?" असं मला नेहमी विचारतात.

पानांनी गच्च भरलेल्या झाडात डोळ्यांना फार थोडं सापडतं. आवाज पानांआडूनही येतो, आणि तो कोणत्या महिन्यात आला यालाच खरा अर्थ असतो.

दयाळाचंच घ्या. थंडीत तो खिडकीखालच्या झुडपातच असतो, पण नुसता 'चर्र' करतो, फार तर एखादी बारीक शीळ. मग फेब्रुवारी सरताना एके दिवशी, उजाडायच्या आधी, तीन सूर येतात. थांबतात. पुन्हा तेच तीन, चौथा अर्धवट. पंधरवड्यात तोच दयाळ शेंड्यावर बसून सलग गातो. मला पूर्ण गाण्याहून ते चाचपडणं अधिक प्रिय आहे. यामागे वाढता दिवस असतो. उजेड कवटीतून थेट मेंदूतल्या काही पेशींपर्यंत पोचतो, संप्रेरकं वाढतात आणि विणीचे वेध लागतात. काही गाणाऱ्या पक्ष्यांत तर मेंदूचा गाण्याचा भागच त्या दिवसांत मोठा होतो. फर्नांडो नॉटेबोम या शास्त्रज्ञांनी १९८१ साली कॅनरी पक्ष्यांत हे दाखवलं होतं.

एकाच्या आवाजावरून दुसऱ्याचंही कळतं. कोकिळांत 'कुहू' नराची, मादी 'किक-किक-किक' ओरडते. तिची अंडी कावळ्याच्या घरट्यात जायची असतात, म्हणून कोकीळ दिवसभर ओरडू लागला की कावळ्यांची घरटी बांधून होत आली असं मी समजतो. पुढे पावशाचं 'पेरते व्हा' एकेक पायरी चढत टिपेला जातं आणि मध्येच तुटतं.

पावसाळा उतरला की सगळं गप्प होतं. या गप्प होण्याकडे माझं कित्येक वर्षं लक्षच नव्हतं. पक्षी गेलेले नसतात. वीण आटोपलेली असते, जुनी पिसं झडून नवी येत असतात. अशा वेळी उडणं जड जातं, म्हणून ते आडोशाला असतात. ही शांतता ऐकायला वर्षभर बसावं लागतं.

आज सकाळी त्याच झुडपात कोरडं 'चक, चक' ऐकलं. थंडीपुरता येणारा वटवट्या आलाय. वहीत तारीख टाकली. दयाळ जवळच होता, एकदाच 'चर्र' केलं त्यानं.