रात्रपाळी

सातारा, मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

भाचा परवा मुंबईहून आला तो सगळं सामान घेऊनच. चार वर्षांचं बिऱ्हाड दोन पिशव्यांत मावलं होतं. "आत्या, बास झालं आता," एवढंच म्हणाला आणि आतल्या खोलीत जाऊन झोपला. मी काही विचारलं नाही. कुठल्या तोंडानं विचारणार? गणपतीत आला होता तेव्हा पंगतीत सगळ्यांदेखत मीच म्हणाले होते, "अजून किती दिवस वाट बघणारेस रे?"

आज दुपारी त्यानं आपण होऊन एक वही पुढं केली. दोनशे पानी, कोपरे मऊ पडलेले. पहिल्या पानापासून ऑडिशनच्या नोंदी: तारीख, काम कसलं, अंगावर शर्ट कुठला होता, रांगेत किती वेळ गेला. हवालदार, रिक्षावाला, नायकाचा मित्र, परत हवालदार. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी "कळवतो म्हणाले". एका पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, "भाषा गावाकडची वाटते." त्या ओळीवर माझं बोट बराच वेळ थांबलं.

त्याला मी सयाजी शिंदे यांच्याबद्दल सांगायला बसले. साताऱ्यात त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण लोक गोष्ट सुरू करतात ती 1999 पासून, 'शूल' या हिंदी सिनेमातल्या बच्चू यादवपासून. आम्ही तो सिनेमा इथंच पाहिला होता. मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "आपल्या साताऱ्याचा हाय गडी!" सिनेमा बिहारमधल्या मोतिहारीचा, बच्चू यादव तिथला आमदार, आणि तो उभा केला वेळे-कामथीच्या शेतकऱ्याच्या पोरानं.

मला मात्र त्याआधीची वर्षं मोजावीशी वाटतात. जन्म 1959 चा, म्हणजे 'शूल' आला तेव्हा चाळीस पूर्ण. एकांकिका करायला लागले 1978 च्या सुमारास. मराठी घेऊन बी. ए. करत होते आणि पाटबंधारे खात्यात रात्रीचे वॉचमन होते. पगार महिना 165 रुपये. मी भाच्यासमोर हिशेब मांडला: एका रात्रीचे साडेपाच रुपये. पुढं 1987 मध्ये 'झुलवा' हे नाटक. उत्तम बंडू तुपे यांची कादंबरी (तेही आपल्याच जिल्ह्यातले, खटाव तालुक्यातले), नाट्यरूप चेतन दातारांचं आणि दिग्दर्शन वामन केंद्रे यांचं. देवीला वाहिलेल्या जोगत्या-जोगतिणींच्या जगण्यावरचं ते नाटक नुसतं पाठांतरावर निभणारं नाही. तिथून हिंदीत नाव व्हायला आणखी बारा वर्षं.

"म्हणजे एकवीस वर्षं वाट बघितली," भाचा म्हणाला.

तिथंच मी त्याला अडवलं. गणपतीतला माझा शब्दच मला खोडायचा होता. वाट एसटीची बघतात. स्टँडवर बसायचं, गाडी येईल तेव्हा येईल. या माणसानं त्या वर्षांत अभिनय केला, तालमी केल्या, नाटकं केली.

आणि रात्रपाळी म्हणजे काय असते, ते मला माहीत आहे. आमचे आप्पा साखर कारखान्यावर वॉचमन होते. गळिताच्या दिवसांत मी डबा घेऊन जायची तेव्हा मळीचा वास नाकातून डोक्यात चढायचा. आप्पांच्या गळ्यात चामड्याच्या पट्ट्याचं जाड घड्याळ असे. आवाराच्या कोपऱ्याकोपऱ्याला साखळीनं किल्ल्या टांगलेल्या; फेरीत प्रत्येक ठिकाणची किल्ली त्या घड्याळात घालून फिरवायची, म्हणजे आत कागदावर ठसा उमटायचा. झोप लागली आणि एक ठसा चुकला, तर सकाळी जाब द्यावा लागे. कुणी बघत नसताना, थंडीत, तीच फेरी रात्रभर. आणि मधेच अंधारात काही हललं की आप्पा हाक द्यायचे, "कोण हाय तिकडं?" ती हाक घशातून नव्हती येत, बेंबीपासून यायची. एरवी घरात आप्पांचा आवाज ऐकूसुद्धा येत नसे.

सयाजी शिंदे रात्री पाठांतर करत होते का, मनात काय घोळवत होते, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण पडद्यावर त्यांचा आवाज चढतो तेव्हा दर वेळी मला कारखान्याचं ते आवार दिसतं. असा आवाज कुठल्या शिबिरात शिकवत असतील, असं मला वाटत नाही.

भाषेचंही सांगितलं. 'शूल'नंतर वर्षभरातच तमिळमध्ये 'भारती' आला. कवी सुब्रमण्य भारती म्हणजे तमिळ माणसाचा जीव की प्राण, आणि त्यांची भूमिका करायला घेतलं ते आपल्या मातीतल्या माणसाला. त्या सिनेमाला तमिळमधला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. "भाषा गावाकडची वाटते" लिहिलेलं पान मी भाच्याला परत उघडायला लावलं. तो काही बोलला नाही. पेन्सिलीच्या रेघेवरून अंगठा मात्र फिरवत राहिला.

त्याला यश येईलच असं मी म्हणाले नाही. तसं मला कुठं माहीत आहे? सयाजी शिंदे एक झाले. तेवढंच झिजून आपापल्या तालुक्याला परतलेले कितीतरी आहेत, आमच्याच नाटकाच्या ग्रुपमध्ये दोघं आहेत, आणि ते कुणापेक्षा कमी नट नाहीत. पण भाच्याला मी चुकीचं बोलले होते, तो शब्द परत घेतला. "माझं चुकलं रे," एवढं म्हणाले.

संध्याकाळी तालमीला निघाले तर हा चपला घालून दारात उभा. राज्य नाट्य स्पर्धेचं आमचं नाटक अजून पायांवर उभं राहायचंय. दुसऱ्या अंकातल्या पाटकऱ्याला, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणाऱ्याला, माणूस मिळत नव्हता. तीन वाक्यं आहेत, त्यातलं एक विंगेतून. शाळेच्या हॉलच्या पार मागच्या खिडकीशी जाऊन यानं ते म्हटलं आणि प्रॉम्प्टिंग करणारी पोरगी वही खाली ठेवून वळून बघायला लागली.

उद्या सातला तालीम. चहापत्ती आणि साखर मी न्यायची आहे.