तांबडं पाणी आणि ग्रुपवर आलेला एक प्रश्न

आमचं काम गावांच्या पाणी प्रकल्पांचं, म्हणजे बोअर, हापसे आणि त्यांची देखभाल. त्या गावातला हापसा चालू होता, दांडा मारला की पाणी यायचं, पण बायका तिकडे फिरकत नव्हत्या कारण पाणी तांबडं आणि कपड्यांवर डाग. ऑफिसात सगळ्यांनी धरूनच चाललेलं की जमिनीतच लोह आहे, फिल्टर बसवून टाकू. पण त्या फिल्टरमधली वाळू नंतर कायम धुणार कोण, हे कुणीच बोलत नव्हतं.

मी सगळा प्रकार आमच्या ऑनलाइन ग्रुपवर टाकला. ग्रामीण पाणीपुरवठ्यात काम करणारे वेगवेगळ्या देशांतले लोक आहेत तिथे. नुसतं "मदत हवी" लिहिलं की नुसते सल्ले मिळतात, म्हणून बोअरची खोली, पाइप कसला, पीएच, फोटो, सगळं दिलं. पीएच ६ च्या खाली होता, म्हणजे पाणी आम्लधर्मी. रात्री एकाने उलट मलाच विचारलं, सकाळचं पहिलं पाणी आणि तासभर हापसल्यानंतरचं पाणी वेगवेगळं तपासलंत का?

नव्हतं तपासलं कुणीच. सकाळी कुणी दांड्याला हात लावायच्या आत पोचलो, पहिली बाटली भरली आणि मग गावातली पोरं आळीपाळीने हापसत राहिली, मी मधे मधे बाटल्या भरून ओट्यावर ओळीने मांडत गेले. पहिली विटकरी, पुढची पिवळट, शेवटची नितळ!! पाणी तपासायच्या किटवरही लोह तसंच उतरत गेलं. लोह जमिनीतलं असतं तर असं उतरलं नसतं, ते रात्रभर पाइपात साचलेल्या आम्लधर्मी पाण्याने पाइपच खाऊन आलेलं होतं. मग पाइप वर काढले तर जस्ताचा थर गेलेला, जोडाजवळचे आटे झिजलेले, एका ठिकाणी तर आरपार भोक.

मला खरा राग याचा येतो की पीएच ६.५ च्या खाली असेल तर जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेले लोखंडी पाइप टिकत नाहीत, हे पश्चिम आफ्रिकेतल्या हापशांवर १९८० च्या दशकातच दिसून आलेलं. ही माहिती आमच्या टेबलापर्यंत आली ती कुठल्या ट्रेनिंगमधून नाही, ज्याने स्वतः असे सडके पाइप उपसलेत त्याच्या एका ओळीतून.

बाटल्यांचा फोटो आणि आकडे लगेच ग्रुपवर टाकले, तसं ते टाकायलाच हवं, नाहीतर विचारणारे सगळे आणि परत येऊन सांगणारं कुणीच नाही असं होतं. मग चर्चा पाइपावर गेली, यूपीव्हीसी म्हणजे कडक प्लास्टिकचा पाइप खोल बोअरला जोडात दगा देतो का, आणि स्टेनलेस घ्यायचं तर पाण्यात क्लोराइड (खारटपणा) जास्त असल्यास ३०४ ग्रेडचं नको, ३१६ चंच घ्या, वगैरे.

फिल्टरची फाइल सध्या थांबलीय. बाकीच्या हापशांवर हीच बाटल्यांची तपासणी चालू आहे. काही ठिकाणी लोह खरंच जमिनीतलं निघालं, तासभर हापसूनही रंग तोच, तिथे फिल्टरच लागणार, तेही ग्रुपवर लिहिलंय आणि वाळू कोण धुतं, कशी धुतं हे आता तिथेच विचारतेय.