रांजणात उतरलेला माणूस

जॉर्जियाच्या राजधानीवर, तिबिलिसीवर, सगळेच भरभरून लिहितात, म्हणून मी गाळतेय. गल्ल्या सुरेख, चढ जीवघेणे. काखेती या वाईनच्या प्रांतातली टूर त्याहून वैतागवाणी: बसमधून उतरा, घोटभर प्या, की थेट विक्रीच्या काउंटरवर.

तिथल्या सिघनाघी गावाजवळ ज्यांच्या घरी उतरलो, त्या आजोबांनी मात्र संध्याकाळी आपली मराणी दाखवली. मराणी म्हणजे वाईनची खोली. आत एकही पिंप नाही, जमिनीत नुसती गोल तोंडं. त्यातल्या एका तोंडातून गाणं ऐकू येत होतं! वाकून पाहिलं, तर त्यांचा मुलगा आत उतरून चेरीच्या सालीच्या ब्रशने भिंती घासत होता.

हीच क्वेव्री. अंड्यासारखा निमुळत्या बुडाचा रांजण, गळ्यापर्यंत पुरलेला, आतून मधमाशीच्या मेणाचा हात दिलेला. मुलगा घासायचा, पाणी उपसून वर द्यायचा. आजोबा बादलीत टॉर्च मारून मान हलवायचे: अजून. पुन्हा पाणी. पुन्हा मान. लोणच्याच्या बरणीला ओला हात लागला की आमची आजी जशी घर डोक्यावर घ्यायची, त्याच घराण्यातला हा माणूस. पाणी नितळ निघेपर्यंत पोराला वर यायची परवानगी नव्हती.

कारण पुढच्या आठवड्यात द्राक्षतोडणी, र्तवेली. सापेरावी द्राक्षाचा गरसुद्धा लाल. रस, साली, बिया सगळं एकत्र आत जातं आणि सालीवरच्या यीस्टनेच फसफसायला लागतं. साली वर येतात, त्या दिवसातून चार-पाच वेळा काठीने खाली दाबायच्या. आळस केला की व्हिनेगर. फसफस ओसरली की वाईन दुसऱ्या क्वेव्रीत जाते, वर झाकण आणि ओली माती. जमिनीतल्या गारव्यात ती हिवाळा काढते. टूरच्या गाइडने 8000 वर्षांची परंपरा आणि 2013 ची युनेस्कोची मान्यता तीनदा ऐकवली होती. रांजण धुणाऱ्याबद्दल अवाक्षर नाही.

रात्री गेल्या वर्षीची सापेरावी आली. जवळजवळ काळी, जीभ कोरडी करणारी, नाशिकच्या गोडसर रेडची सवय असलेल्यांना पहिला घोट जड जाईल. मला आवडली. सोबत अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी; शाकाहाऱ्यांनी जॉर्जियाला घाबरायचं काही कारण नाही. घाबरायचंच तर टोस्टला, म्हणजे ग्लास उंचावून केलेल्या भाषणाला घाबरा. टोस्ट संपेपर्यंत ग्लास तोंडाला लावायचा नाही, आणि आजोबा देशापासून दिवंगत काकांपर्यंत कुणालाच सोडेनात. जॉर्जियन येत नसेल तर चीजची ताटली वेळेवर आपल्याकडे सरकवून घ्यावी.