अव्वाला बसवायचं आहे

शेवटच्या आजारातल्या रुग्णांची घरी जाऊन शुश्रूषा करणं हे माझं काम. माणूस गेला की आम्हा नर्सचे हात आपोआप चालू लागतात. डोळे मिटवायचे, हनुवटीला पट्टी बांधायची, हातपाय सरळ करायचे, पायाचे अंगठे बांधायचे. सोलापुरातल्या एका लिंगायत घरात पहाटे अव्वा गेल्या. मी नाकातली नळी काढत होते, तेवढ्यात थोरला मुलगा म्हणाला, "सिस्टर, पाय सरळ करू नका. अव्वाला बसवायचं आहे."

लिंगायतांमध्ये दफन करतात, तेही मांडी घातलेल्या स्थितीत. एवढं मला ठाऊक होतं. पण बसवायचं तर वेळ दवडून चालत नाही. 2 ते 4 तासांत जबडा आणि मान ताठरू लागते, पाठोपाठ हातपाय. अंग अजून कोमट होतं. आम्ही दोघांनी मिळून गुडघे हळूहळू दुमडले, पाठीला लोड लावला, मान कलू नये म्हणून कपाळावरून मऊ पट्टी मागच्या फळीला बांधली. लिंगायतांचे पुरोहित, जंगमस्वामी आले. कपाळावर, दंडावर विभूती लावली, डाव्या तळहातावर अव्वांचं इष्टलिंग, म्हणजे त्यांनी अंगावर धारण केलेलं छोटं लिंग, ठेवलं. महिनोन्‌महिने कुशीवर आक्रसून पडलेली बाई हिरव्या साडीत ताठ बसली.

भजन सुरू झालं. शेजारचे एक आजोबा मला म्हणाले, "आमच्यात मरणवे महानवमी म्हणतात, सिस्टर. मरण म्हणजे सणच." बसवेश्वरांनी 12व्या शतकातच सुतक नाकारलेलं, त्यामुळे घरात चूल पेटली होती. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, भावकी कडू घास आणते. हातातला चहा मला जड झाला.

तेवढ्यात कलबुर्गीहून धाकटी लेक पोचली. उंबऱ्यातच तिने हंबरडा फोडला. सणाच्या नावाखाली तिचं रडू दाबतील, अशी मला धास्ती होती. पण टाळ थांबले नाहीत आणि तिला कुणी गप्पही केलं नाही. ते मला फार आवडलं. तिने कंगवा मागून घेतला, अव्वांच्या मागे बसली आणि रडत रडत वेणी घालू लागली. गुंता लागला की विचारायची, "दुखलं का गं, अव्वा?" भजन म्हणणाऱ्या एका बाईने म्हणता म्हणताच गजरा पुढे केला.

दुपारी फुलांच्या विमानात, म्हणजे सजवलेल्या पालखीत बसवून अव्वांना वाजतगाजत नेलं. लेकही सोबत चालत गेली.

आता शेवट जवळ आलेला दिसला, की घर कुणाचंही असो, मी आधीच विचारून घेते, "तुमच्यात कसं नेतात?" उत्तर मिळेपर्यंत अंगठे बांधायची पट्टी पिशवीबाहेर काढत नाही.