बॉल डोक्याला लागला आणि पोरगं म्हणतं "काही नाही झालं"

४ डिसेंबर २०२०ची कॅनबेराची भारत-ऑस्ट्रेलिया टी-ट्वेंटी आठवतेय ना? शेवटच्या ओव्हरमध्ये स्टार्कचा बॉल जडेजाच्या हेल्मेटवर बसला, पठ्ठ्या तरी शेवटपर्यंत खेळला, ४४ नॉटआउट, आणि इनिंग संपल्यावर चक्कर येतेय म्हणाला म्हणून कन्कशनच्या नियमाने त्याच्या जागी चहल बदली म्हणून आला आणि ३ विकेट काढून मॅन ऑफ द मॅच पण घेऊन गेला. तिकडे ऑस्ट्रेलियाचा तेव्हाचा कोच लँगर मॅच रेफरीशी वाद घालतोय, इकडे आपल्या ग्रुपवर "काय डोकं लावलं राव" चालू. बॉल लागल्यावर तो नीट खेळला ना, मग कसलं कन्कशन (म्हणजे डोक्याला मार लागून मेंदू हादरणं), असं सगळ्यांचं म्हणणं. पण हे असंच असतं! लक्षणं काही मिनिटांनी, कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी येतात.

माझी मुलगी कबड्डी खेळते, कॉर्नरला, त्यामुळे माझे रविवार मैदानावरच जातात. कबड्डीत हेल्मेटबिल्मेट काही नाही. अँकल होल्ड मारायला, म्हणजे रेडरचा घोटा पकडायला, पोरगी खाली झेपावते आणि रेडरचा गुडघा थेट कानशिलावर, नाहीतर चेन टॅकलमध्ये, म्हणजे हात धरून केलेल्या पकडीत, दोघींची डोकी एकमेकींवर. मग पाणी मारायचं, दोन बोटं दाखवून "किती?" विचारायचं, बरोबर सांगितलं की आत. बेशुद्ध पडली नाही ना, मग झालं! खरं तर कन्कशन झालेल्यांपैकी बहुतेक जण बेशुद्ध पडतच नाहीत. त्यापेक्षा विचारा की आत्ता कुठला हाफ चालू आहे, शेवटचा पॉइंट कोणी घेतला, मागची मॅच कोणाशी झाली. अडखळली, तोच प्रश्न परत परत विचारायला लागली, डोकं दुखतंय, मळमळतंय, उजेड सहन होत नाही, चालताना तोल जातोय किंवा उगाच रडतेय चिडतेय, यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशी खेळ बंद. आणि सगळी उत्तरं बरोबर आली तरी शंका असेल तर बाहेरच बसवा, कारण सिलेक्शन असेल तर पोरं बिनधास्त खोटं बोलतात, आपणही बोललोच असतो.

वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, हातपाय लुळे पडणं, दोन दोन दिसणं, मान दुखणं, जागं करूनही नीट न उठणं, यातलं काही दिसलं तर घरी थांबू नका, सरळ हॉस्पिटल. आणि सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून पेढे वाटू नका, सीटीत रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दिसतं, कन्कशन बहुतेक वेळा दिसतच नाही.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात २००६ मध्ये झॅकरी लिस्टेड नावाचा १३ वर्षांचा मुलगा अमेरिकन फुटबॉल खेळताना डोक्यावर आपटला आणि त्याच मॅचमध्ये परत उतरला. मेंदूत रक्तस्राव झाला, जीव वाचला पण आयुष्यभराचं अपंगत्व आलं. २००९ मध्ये तिथे त्याच्या नावाचा कायदा आला, संशय असला तरी बाहेर काढायचं आणि डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही. आपल्याकडे हे प्रत्येक कोचच्या मर्जीवर.

टाळायचं म्हणाल तर पकड शिकवतानाच डोकं रेडरच्या गुडघ्यासमोर न आणता बाजूला ठेवायची सवय लावणं, हे सगळ्यात महत्त्वाचं. क्रिकेटवाल्यांनी किटबॅगमधलं ते एकच ढगळं हेल्मेट सगळ्यांच्या डोक्यावर चढवणं बंद करा. हेल्मेटने कवटी वाचते, पण आत मेंदू हलतोच.

आणि "रविवारी फायनल आहे" म्हणणाऱ्या कोचसाठी हिशोब. पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाईल कमी, शाळा हळूहळू. मग चालणं किंवा सायकल, मग पळणं, मग टक्कर नसलेला सराव, मग डॉक्टरने हो म्हटल्यावर पूर्ण सराव, मग मॅच. प्रत्येक पायरीला किमान २४ तास, त्रास वाढला की थांबायचं, आणि लहान मुलांना बरं व्हायला कधी कधी चार आठवडेही लागतात. गुरुवारी आपटलेली पोरगी रविवारी कशी खेळवणार, सांगा.