अंगठीची आतली बाजू

अंगठी सापडली की माणूस आधी इकडेतिकडे बघतो आणि मग ती दाताखाली धरतो. दाताला कळतं ते एवढंच की वस्तू मऊ आहे की टणक. शिसं तर सोन्याहून मऊ, आणि अठरा कॅरेटच्या अंगठीवर दाताचा व्रण सहसा उठतही नाही. नुकसान झालंच तर दाताचं. पूर ओसरल्यावर सांगलीच्या घाटावरचा गाळ उपसताना, माहुलीच्या संगमावर, जुन्या वाड्याची भिंत उतरवताना अशा वस्तू हाती लागतात, तेव्हा सोनं, पितळ, चांदी सगळ्यांचा रंग मातीचाच असतो.

म्हणून पहिलं काम धुण्याचं. घासण्याचं नव्हे. कोमट पाण्यात दोन रिठे चुरून त्यात अंगठी पंधरा-वीस मिनिटं भिजू द्यावी, मग लहान मुलांच्या मऊ ब्रशनं हलकेच फिरवावं. भांड्यांची पावडर, राख, टूथपेस्ट लांबच बरी. समईला ती चालतात, कारण समईच्या पितळेचा वरचा थर गेला तर कोणी रडत नाही. अंगठीतला शिक्का मात्र केसभर खोल असतो आणि तोच आधी जातो. खडा मोत्याचा किंवा पोवळ्याचा दिसला तर चिंच-लिंबू नको, दोन्ही आंबटात झिजतात. आणि हो, बेसिनचं भोक आधी बुजवा.

धुतल्यावर रंग बोलू लागतो. चांदी काळवंडलेली निघते, तांबं-पितळ हिरवट, आणि बावीस कॅरेट सोनं कितीही वर्षं चिखलात असलं तरी पिवळंच. हिरवट कुठे आहे तेही बघावं. फक्त सांध्याच्या रेषेत असेल तर डाक, म्हणजे सांधा जोडायला वितळवलेला धातू, हलका. सगळीकडे असेल तर अंगठीच हलकी. त्याहून बोलकी जागा म्हणजे तळहाताकडची पाठ. अंगठी तिथे भांड्याला, दाराच्या कडीला, सायकलच्या मुठीला घासत राहते. मुलामा असेल तर आधी तिथेच उडतो आणि खालचा तांबूस किंवा पांढरा धातू डोकावतो. अंगठीला पाठीमागे मुद्दाम फट ठेवलेली असेल आणि धातू चांदीचा असेल, तर ते बहुधा बोटातलं नव्हेच, पायातलं जोडवं आहे. सोनं पायात घालत नाहीत, तेव्हा त्याच्या कसाची चिंताही मिटली.

आता शिक्का. दहापट भिंग घ्यावं आणि उजेड समोरून न टाकता तिरका टाकावा. मोबाईलचा टॉर्च जवळजवळ आडवा धरला की बुजलेल्या अक्षरांच्या कडांना सावली येते. तरी दिसलं नाही तर पेन्सिलीचं शिसं बोटाला चोळून तो डाग आतून फिरवायचा आणि वरचा पुसून टाकायचा. खोलगट भागात काळं राहतं. फोटो काढून मोठा करून बघितला की अर्धं काम होतं. गंमत म्हणजे इंग्रजी आकड्यांतला ९१६ उलटा धरला तरी ९१६च वाचला जातो. ९९९ मात्र ६६६ होतो आणि ९२५चा ५२६, म्हणून अनोळखी आकडा दिसला की आधी अंगठी फिरवून बघावी. ९१६ म्हणजे बावीस कॅरेट, ७५० म्हणजे अठरा, ५८५ म्हणजे चौदा, ३७५ म्हणजे नऊ. ९२५ ही चांदी. पीटी ९५० म्हणजे प्लॅटिनम. आकड्यामागे जीपी असेल तर सोन्याचं पाणी, जीएफ असेल तर सोन्याचा जाड पत्रा चढवलेला. ईपीएनएस दिसलं तर निकेल मिसळलेल्या पांढऱ्या धातूवर चांदीचा मुलामा. केडीएमला मात्र लोक अजून शुद्धतेचा आकडा समजतात. तो डाकाचा प्रकार आहे, कॅडमियमचा. त्याची वाफ कारागिराच्या छातीला बाधते, म्हणून ती पद्धत मागे पडली.

आपल्याकडच्या जुन्या अंगठीवर बहुधा काहीच नसतं, फार तर सोनाराचं एखादं अक्षर. त्यात खोट शोधू नये. सांगलीत गाडगीळांची पेढी १८३२ची, पण सोन्याचा सरकारी हॉलमार्क देशात आला २००० साली, चांदीचा २००५ साली. एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा सहा अक्षर-आकड्यांचा स्वतंत्र ओळख क्रमांक, तर २०२१चा. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला आजही सक्ती नाही. तेव्हा पणजीची म्हणून दाखवलेल्या अंगठीत ठळक ९१६ आणि शेजारी बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, त्रिकोण असेल, तर शंका सोन्यावर घेऊ नये, पणजीवर घ्यावी. फिकट रंगाची बिनशिक्क्याची अंगठी हीनच असते असंही नाही. १९६३च्या सुवर्ण नियंत्रणात नवे दागिने चौदा कॅरेटवर आणले होते, त्या दिवसांतली ती असू शकते. महाबळेश्वर-पाचगणीकडे एखादी विलायती निघाली तर जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन. आत १५ आणि ६२५ असेल तर ती १९३२च्या आधीची धरायला हरकत नाही; तो पंधरा कॅरेटचा दर्जा ब्रिटनमध्ये त्या वर्षी बंद झाला.

शिक्का म्हणजे अखेर कुणीतरी केलेला दावा. वजन दावा करत नाही. शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा आणि दोऱ्याला बांधलेली अंगठी पूर्ण बुडेल पण बुडाला-काठाला टेकणार नाही अशी लोंबकळत धरा. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घन सेंटिमीटर तिचं आकारमान. कोरडं वजन ४.६२ ग्रॅम आणि पाण्यातला आकडा ०.२६ आला तर भागाकार १७.८, म्हणजे बावीस कॅरेटच्या घरात. अठरा कॅरेट १५ ते १६, चांदी साडेदहाच्या आसपास, पितळ साडेआठ, स्टील आठ. पण ०.२६च्या जागी ०.२७ दिसला की उत्तर १७.१वर घसरतं, आणि दोन ग्रॅमच्या अंगठीत तर ०.११च्या जागी ०.१२ दिसला की उत्तर १८.२वरून १६.७वर येतं. म्हणून चार ग्रॅमच्या आत या भागाकारावर कॅरेट ठरवू नये. सोनं की पितळ एवढं मात्र निश्चित कळतं. पाण्यात साबणाचा थेंब टाकला की बुडबुडे चिकटत नाहीत. खडा असेल, किंवा पोकळ अंगठीत लाख भरलेली असेल, तर हिशेब खोटा पडतो. लोहचुंबकावर फारशी भिस्त नको. तो लोखंड ओळखतो. पितळ त्याला चिकटत नाही आणि पुष्कळसं स्टीलही नाही.

पुढचं काम सराफाचं. काळ्या कसोटीवर अंगठीची एक रेघ, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सळईची रेघ, दोन्हींवर काचेच्या काडीनं तेजाबाचा थेंब. पितळेची रेघ फेसाळून नाहीशी होते. मुलाम्याची अंगठी पहिल्या रेघेला सोनंच उतरवते, म्हणून जाणता माणूस पाठीला कानस लावून दुसरी रेघ ओढतो. हे तेजाब घरी आणून स्वयंपाकघरात प्रयोग करू नयेत. त्याचा तपकिरी धूर फुफ्फुसात जातो. टंच काढायचं मशीन न कापता आकडा देतं, पण वरच्या पातळ थरापुरताच; जाड मुलामा त्यालाही चकवतो. पक्का निकाल वितळवल्यावरच. त्या विद्येत विटा-खानापूरच्या गलाईवाल्यांचा हात धरणारे थोडे. देशभरातल्या सराफ बाजारांत त्यांच्या भट्ट्या आहेत. पण गलाईत अंगठी उरत नाही, आणि आत कोरलेलं नावही.

ते नाव वाचून मगच अंगठी मोडीत काढायचा विचार करावा. साखरपुड्याच्या अंगठीत पुष्कळदा समोरच्याचं नाव असतं: आत ‘सुनंदा’ असेल तर शोधायचा तो सुनंदाचा नवरा. माथ्यावरची अक्षरं उलटी असतील तर ती शिक्का उमटवायची अंगठी. सुलटी असतील तर नुसती मिरवायची. रस्त्यावर सापडलेली वस्तू मालक शोधायच्या आत स्वतःची मानली तर ते कायद्यानं अंगाशी येतं. शेतात किंवा वाड्याच्या पायात पुरलेली निघाली तर १८७८चा निखात निधीचा कायदा लागतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, असं तो सांगतो. दहा रुपयांत हल्ली सातारला कंदी पेढा एक येतो, तोही लहान बघून घ्यावा लागतो.