पोत्याचं तोंड

बेडकांवरचं पुस्तक मी जूनखेरीज कधी वाचत नाही. पेटीत ते वर्षभर असतं आणि मुलं मागतातही, पण पहिला जोराचा पाऊस पडून शेतात पाणी साचल्याशिवाय मी ते बाहेर काढत नाही. गोव्यातल्या डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांमध्ये मी पुस्तकांची पेटी घेऊन जाते. गोष्ट वाचायची, मग मुलांबरोबर बाहेर पडून गोष्टीत जे होतं ते शोधायचं, असं माझं काम. यंदाच्या जूनमध्ये सत्तरीतल्या एका शाळेत जे घडलं त्याचा निकाल माझ्या मनात अजून लागलेला नाही. गावाचं आणि मुलीचं नाव इथे देणार नाही.

पुस्तक निवडणं सोपं असतं. त्याला बाहेरचा जोडीदार शोधणं अवघड. झाडांवरचं पुस्तक वाचलं की मी माट्टीपाशी जाते. माट्टी हा गोव्याचा राज्यवृक्ष, पण मुलांना एवढं सांगून काही होत नाही. पान उलटं करून देठाजवळ मधल्या शिरेवरच्या बारीक गाठी बोटाने चाचपायला लावायच्या, सालीवर कागद ठेवून मेणखडू आडवा फिरवायचा, मग ते मूल रानात कुठेही माट्टी ओळखतं. बियांचं पुस्तक चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी. माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या चौकटीला, बांधायला कांगलं, घागऱ्या, तिरफळं अशी रानफळं आणायला मुलं घरच्यांबरोबर रानात जाणारच असतात, त्यांच्या हातात नुसती एक वही द्यायची. पावसाळ्यात विहिरीवर ओणवलेल्या फांदीला पांढरा फेस लटकलेला दिसला तर तो मलबार ग्लायडिंग बेडकाचा असतो. त्यात अंडी असतात, आणि पिल्लं तयार झाली की थेट खालच्या पाण्यात टपकतात. त्या फेसाखाली उभं राहून ऐकलेली गोष्ट मुलं विसरत नाहीत.

देणगीत येणाऱ्या पुस्तकांचा मात्र मला खरोखर त्रास होतो. जाड गुळगुळीत कागद, सुरेख छपाई, आणि आत ओकची झाडं, बर्फ, ऑक्टोबरात लाल होऊन गळणारी पानं. आमच्याकडे ऑक्टोबरात भात कापणीला येतं आणि डोंगर हिरवेगार असतात. अशा पुस्तकाला दाराबाहेर जोडीदारच मिळत नाही. देणाऱ्यांचं मन मोठं असतं, पण मुलांच्या अंगणात काय आहे हे देण्याआधी कोणी विचारत नाही. म्हणून मी 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या मराठी चित्रकथा मोठ्या कागदावर छापून घेते. त्या मोफत असतात, आणि मजकुरात आपल्या गावची नावं घालायलाही परवानगी असते. जूनमध्ये हे कागद सर्द होऊन एकमेकांना चिकटतात, म्हणून प्रत्येक पान प्लास्टिकच्या पिशवीत.

त्या शाळेत पहिली ते चौथीची मुलं एकाच खोलीत बसतात आणि एकच बाई सगळ्यांना शिकवतात. अशा वर्गात पुस्तक छातीशी धरून चालत नाही. खांद्याच्या उंचीवर, बाजूला, पान पूर्ण मुलांकडे, आणि आपण तिरक्या नजरेने वाचायचं. एका पानावर चार ओळींहून जास्त मजकूर असला की पहिलीची मुलं चित्र बघून संपवतात आणि खिडकीबाहेर पाहू लागतात. त्या दिवशी खिडकीबाहेर पाहायला मीच सांगणार होते. रात्रभर पाऊस कोसळला होता आणि शाळेमागचं शेत पाण्याने भरलं होतं. सकाळी मी एकटी बांधावरून फिरून आले होते. बेडूक असतात तिथे साप येतात. दिवड दिसली तर मुलांना घाबरवायचं नाही, पण घोणशीची शंका आली तर त्या बांधावर पाऊलसुद्धा टाकायचं नाही. ही फेरी न मारता मुलांना बाहेर नेणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही.

गोष्ट वाचून झाली आणि आम्ही बांधावर गेलो. आधी कान-नकाशा. कागदाच्या मधोमध फुली, ती म्हणजे आपण. डोळे मिटायचे आणि जिथून आवाज येईल तिथे कागदावर खूण करायची. वेगळा आवाज, वेगळी खूण. मोठ्यांना यात तीन-चारच आवाज सापडतात. मुलांना जास्त सापडतात, कारण त्यांना त्या प्राण्यांची नावं आठवत बसायची नसतात. मग डोळे उघडले, तर समोरच्या पाण्यात पिवळेधमक बेडूक. पहिल्या पावसात या मोठ्या बेडकांचे नर लिंबासारखे पिवळे होतात आणि ओरडताना घशाच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात. एरवी तो मातकट-हिरवा, पाठीवर पट्टा असलेला प्राणी. हा रंग थोडेच दिवस टिकतो. पुस्तकातला बेडूक वर्षभर हिरवा आणि कमळाच्या पानावर बसलेला असतो, म्हणून मला मुलांना नेमका हा दिवस दाखवायचा असतो.

तिसरीतली एक मुलगी माझ्या शेजारी उभी होती. वाचनात ती वर्गात सगळ्यांत पुढे. पहिलीच्या पोरांना तीच गोष्टी वाचून दाखवते. ती सांगू लागली. पिवळे ते दादले (नर), बायल (मादी) मोठी पण रंग साधा. ओरडणारा एक सापडला की त्याच्या आसपास आणखी असतात. उजेड डोळ्यांवर पडला की जागचा हलत नाही. मागून धरायचा, पुढून नाही. तिचं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. इतकं नेमकं मी कुठल्याही बालपुस्तकात वाचलेलं नाही. मी विचारलं, "तुला हे कोणी सांगितलं?"

ती म्हणाली, "मामा धरता, हांव पोत्याचें तोंड धरतां."

तिच्या आवाजात अभिमान होता. मामा तिला सोबत नेतो याचा.

गोव्यातल्या वाचकांना पुढचं सांगायला नको. पहिल्या पावसात रात्री बत्ती घेऊन बेडूक धरतात, आणि काही बार-हॉटेलांत ते 'जंपिंग चिकन' म्हणून छुपेपणाने ताटात येतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने याला बंदी आहे, आणि वनखातं दर पावसाळ्यात तसं आवाहन करतं. कधीकाळी देशातून बेडकांच्या पायांची मोठी निर्यात व्हायची, ती केंद्र सरकारने १९८७ साली बंद केली. हे सगळं मला माहीत आहे. माहीत नव्हतं ते एवढंच, की गोष्टीच्या तासाला एखादं मूल हे आपलं म्हणून सांगेल तेव्हा काय करायचं.

मी तिला थांबवलं नाही. बाकीची मुलं ऐकत होती, आणि त्यांतली बरीचशी मान डोलावत होती. मग मी विचारलं, आत्ता ट्रॉलर का बंद आहेत? हे गोव्यात सगळ्या मुलांना ठाऊक असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, घरात सुकं नुस्तें, म्हणजे सुके मासे. एकजण म्हणाला, माशांच्या पोटात गाभोळी असते म्हणून. मी म्हटलं, मग हे बेडूक आज इथे कशाला जमलेत? उत्तर सगळ्यांनी एकदम दिलं. अंडी घालायला. हजारोंनी अंडी, आणि तीही या साचलेल्या पाण्यात, जे पाऊस ओढला तर आटून जाणार. आज पोत्यात गेलेल्या मादीबरोबर ती सगळी जातात. मला वाटलं, मुद्दा पोचला.

तेवढ्यात तीच मुलगी म्हणाली, "म्हणजे ऑगस्टात धरले तर चालतात, टीचर?"

प्रश्न अगदी बरोबर होता. ट्रॉलरची तुलना मीच दिली होती आणि ती याच टोकाला जाते. मी सांगितलं की नाही, कायदा बारा महिन्यांचा आहे. पाऊस संपला की हे बेडूक मातीत शिरून बसतात, दिसतात ते फक्त आत्ता, म्हणून धरले जातात तेही आत्ताच. शेतातले किडे, खेकडे, उंदराची पिल्लंसुद्धा ते खातात, हेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण तिचं समाधान झालं नाही. मासे दोन महिन्यांनी परत चालतात, बेडूक कधीच नाहीत, यातला फरक तिला पटेल असा मला आजही मांडता येत नाही. आकडे, अन्नसाखळी, सगळं माझ्यापाशी आहे. पण तिचा प्रश्न न्यायाचा होता. ट्रॉलरवाल्याला दोन महिने थांबा म्हणायचं आणि मामाला गुन्हेगार, असं का?

त्यावर वर्गाच्या बाई बोलल्या. बेडूक धरणाऱ्यांना पकडून नेतात, तुरुंग होतो, घरी जाऊन सांग. बाईंचा हेतू वाईट नव्हता. चार इयत्ता, माध्यान्ह आहाराच्या नोंदी, वरच्या कार्यालयाला पाठवायचे उपक्रमाचे फोटो, सगळं सांभाळून त्या मुलांना बांधावर येऊ देतात, हेच मोठं. पण मुलीचा चेहरा उतरला. परत येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि कान-नकाशा तिने घडी करून दप्तरात घातला.

मुलं जेवायला बसल्यावर बाई म्हणाल्या, वनखात्याला कळवायला हवं. मी नाही म्हटलं, आणि तिथून आमचं वाजलं. त्यांचं म्हणणं, आपल्याला गुन्हा समजलाय, गप्प बसलो तर आपणही त्यात आलो. माझं म्हणणं, गोष्टीच्या तासाला मुलाने विश्वासाने सांगितलेलं कुणाच्या विरुद्ध वापरायचं नाही. वापरलं तर त्या शाळेत पुन्हा कोणी मूल मला काही खरं सांगणार नाही, आणि मग मी बांधावर उभी राहून फक्त पुस्तकातलंच बोलत राहीन. बाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मला दिसतं. तरी माझं मत तेच आहे. गावातल्या धरणाऱ्याला धरण्याआधी ताटात वाढणाऱ्याला धरावं, असंही मला वाटतं.

पुढच्या खेपेला पुस्तक बदलायला ती मुलगी माझ्याकडे आली. मी समजले होते, ती येणार नाही. तिने बेडकांचंच पुस्तक मागितलं, मामाला वाचून दाखवायला. मी दिलं. परत करताना विचारलं, मामा काय म्हणाला? म्हणाली, हसला, आणि चित्रातला बेडूक चुकीचा आहे म्हणाला, मागच्या पायाचा पडदा एवढा लहान नसतो. आणि त्या रात्री तो बेडूक धरायला गेला. तिला नेलं नाही. ती स्वतःहून थांबली की त्याने थांबवलं, हे मी विचारलं नाही.

चित्र मी तपासलं. मामाचं म्हणणं बरोबर आहे. छापील पानावर मी तो पडदा पेनाने वाढवून घेतला आहे, आणि आता वाचताना मुलांना सांगते की ही दुरुस्ती गावातल्या एका जाणत्या माणसाने सुचवली.

जुलैत त्याच शेतात पिल्लं बघायला जायचं आहे. काचेच्या बरणीत पिल्लं पाळा, असं अनेक उपक्रम-पुस्तकांत असतं, ते मी करत नाही. या जातीची पिल्लं एकमेकांनाही खातात, आणि बरणीतलं पाणी दोन दिवसांत नासतं. पांढऱ्या ट्रेमध्ये थोडा वेळ घ्यायची, पाय फुटलेत का ते बघायचं आणि जिथली तिथे सोडायची. कुठे उभं राहायचं आणि कुठल्या बांधाने जायचं, ते या वेळी त्या मुलीनेच ठरवावं, असं मी बाईंना सांगितलं आहे. बाईंना त्या दिवशी वनखात्याचा माणूसही सोबत हवा आहे. मला नको आहे, निदान त्या दिवशी तरी. यावर आमचं अजून ठरलेलं नाही.